साहेबाच्या कुत्र्याची रजा

कार्ल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात समीक्षा मांजराची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी शेळी धरून बसलेल्या हिरामावशीनं समोरच्या लठ्ठ कुत्र्याची साखळी धरलेल्या पोराला ओळखलं.

"सत्यम ना रं तू? तू तर नेव्हीत गेलतास!"

"नेव्हीतच हाय, मावशी, हितं जवळच्या तळावर. ह्यो आमच्या साहेबांचा कुत्रा."

"आन् बोटीचं इंजिन शिकणार हुतास, ते?"

"ते शिकलो. आता सकाळी ह्याला फिरवतो, दुपारी आंघोळ घालतो, सांजच्याला मॅडमची भाजी आणतो."

"आमी येशीवर तुजा फोटो लावलाय की, समुद्राचा राखणदार म्हणून!"

"हळू बोला, मावशी."

"का? कुत्रं चुगली करणार हाय व्हय? बरं, बहिणीच्या हळदीला येतोस न्हवं?"

"रजा न्हाई दिली. माणसं कमी हायेत म्हणले."

"आन् ह्याला काय झालंय?"

"खाऊन खाऊन सुस्तावलाय. साहेबांनी गाडी दिली. म्हणले, डॉक्टर सांगंल ते सगळं करायचं."

"सगळं?"

"सगळं."

"मग बसलायस काय, येड्या? माज्या नंबरावर आत जा आन् डॉक्टरला बहिणीचं लगीन सांग!"

पोरगा कुत्र्याला घेऊन आत गेला. दाराआडून समीक्षाला डॉक्टरांचं खो खो हसणं ऐकू आलं. मग तो बाहेर आला.

"काय म्हणले रं?"

"आठ दिस गावाकडची हवा. रोज डोंगर चढायचा."

"कुणी?"

"कुत्र्यानं. संगं एक माणूस लागंल म्हणले."

मावशी उठली आणि तिनं कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ये रं बाबा. नवरीच्या आधी पयली हळद तुलाच लावते."