त्रेसष्ट नंबरची गाठ

"हॅलो? … हं, बोल छकू. … नाही, अजून सही नाही केली. … अगं हो, पानं न्यायला माणूस चारला येणार आहे, माहीत आहे मला. घड्याळ माझ्याकडेही आहे."

टेबलावर 'आधुनिक जग घडवणारी शंभर माणसं' या पुस्तकाची शेवटची मुद्रितं पसरली होती. लिहिणारी धाकटी बहीण, तपासणारी थोरली. ताईची सही झाली की पानं थेट छापखान्यात जायची. पण तासभर झाला, तिची पेन्सिल एकाच पानावर अडून बसली होती.

"चांगलं लिहिलंयस. … अगं खरंच. वाफेच्या इंजिनवाला छान, लसवाला तर फारच छान. दिवेवाल्याच्या जन्मसालात सहाचा नऊ पडला होता, तो सुधारला. नाहीतर स्वतःच्या मुलापेक्षा लहान झाला असता बिचारा. … हसू नको. मला एक सांग, त्रेसष्ट नंबर कुठून आणलास?"

पलीकडे जरा खरखर झाली.

"त्रेसष्ट गं. गाठवाला. पार्सलाची न सुटणारी गाठ शोधली, टपालातला माल फुटेनासा झाला, आणि म्हणे जगभर घरपोच व्यापार सुरू झाला, तो. … वाचनालयात? कुठल्या पुस्तकात? … 'बऱ्याच पुस्तकांत' नावाचं पुस्तक मी पाहिलेलं नाही. … मग टिपणवही काढ. … सापडत नाही? काल तर सापडत होती!"

"नाही, चिडले नाहीये. विचारतेय. … छकू, तुझा आवाज बारीक झाला की मला कळतं. दूध सांडून मांजरावर ढकलायचीस, तेव्हा हाच आवाज. … हो, मांजर नव्हतंच आपल्याकडे. तेच तर म्हणतेय मी."

ताईने पान खिडकीच्या उजेडात धरलं. गाठवाल्याच्या डोक्यावर उंच टोपी होती आणि ओठांवर विंचवाच्या नांगीसारख्या मिशा.

"आणि याला मिशा कुणी दिल्या? … चित्रकाराने? कशावरून? त्याला मिशा नव्हत्या. … अं? … मला कसं माहीत म्हणजे? … काही नाही, असंच. … मी कशाला लपवू? … अगं ऐक ना. … ऐक. … वा गं वा! चोराच्या उलट्या बोंबा. माझीच उलटतपासणी?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. एकोणीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट दोन मिशांपायी ओठावर आली होती.

"… बरं. आधी दार लाव तुझ्या खोलीचं. … लावलंस? हा माणूस जन्मालाच आलेला नाही. … नाही, वाद वगैरे काही नाही त्यात. तो नाहीच. … कारण मी केलाय त्याला. … हो, मी! जुन्या मालकांच्या प्रकाशनात होते तेव्हा. त्यांच्या चरित्रकोशात एक नोंद मुद्दाम खोटी ठेवायचे. कुणी आयतं उचललं की त्या नोंदीवरून चोर सापडायचा. कुठली, ते मालकांना आणि मला, दोघांनाच ठाऊक. … अजून! कुणाचंही नवं पुस्तक आलं की ते आधी गाठवाला शोधतात. सापडला की वकील. … माझं काय? मुखपृष्ठावर तुझं नाव आहे, छकू!"

"… रडू नको. किती उचलल्यास? … एकच? … छकू. … तीन? … मांजर आठव. … अकरा."

ताईने चष्मा काढून डोळे चोळले.

"अकरा. … मुदत कमी होती, कबूल. उरलेल्या एकोणनव्वदांना पुरली ना?"

"पण मला एक कळत नाही. ही अख्खी नोंद तू हाताने उतरवलीस. वाचली नाहीस? … मग वाच आता. मोठ्याने. तिसऱ्या ओळीपासून. … हं. 'उजवं टोक डावीकडून, मग अंगठ्याखालून' … पुढे. … 'गाठ बसल्यावर तिच्यावर एक हलकी फुंकर.' … कोण मारायचं फुंकर? … आठव की. टपाल कचेरी. पार्सलाची खिडकी. शाळा सुटल्यावर बाकावर बसून आपण दोघी पाय हलवत…"

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"… हो. आईच. … मालक म्हणाले, घडव एक माणूस. मला दुसरं काय सुचणार? … पुरुष का? अगं, गाठ मारून जग घडवणारी बाई म्हटल्यावर वाचणाऱ्याला लगेच संशय आला असता. पुरुषाला कुणी विचारत नाही."

"… तेवढी नोंद ठेवूया? … नाही. … मलाही वाटतं गं. तरी नाही. पत्ता चुकला असेल तर आईने पार्सलावर शिक्का मारला असता का? … मग!"

"हे बघ. सही मी करत नाही. चारचा माणूस रिकाम्या हाती जाईल. संपादकांना फोन तू करायचास. … मी नाही, तू. … काय सांगायचं म्हणजे? जे आहे ते. अकरा नोंदी माझ्या नाहीत, चार दिवस द्या. … काढतील नाव कदाचित. वकिलाची नोटीस येण्यापेक्षा ते परवडलं. … मग अकरा नव्या आपण दोघी मिळून लिहू. कुठली पुस्तकं बघायची, ते मी सांगते. … जमेल. न जमायला काय झालं?"

"आणि तुझ्याकडची ती अकरा पानं, शिवाय ती न सापडणारी टिपणवही, गठ्ठा बांधून आजच पाठव. गाठ नीट मार. … येत नाही? चाळिशी आली तुझी! … हो, तुझ्या सगळ्या गाठी मीच मारल्या. आज नाही मारणार. दोरी घे. … फोन खांद्यात धर. त्रेसष्टचं पान गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेव, त्यात गाठ तेवढी खरी आहे. … उजवं टोक. … डावीकडून. … अंगठा नको काढू! … हां, आता ओढ. … बसली? हलवून बघ. … मग? काय राहिलं?"

ताईच्या कानात फूऽ असा बारीकसा आवाज आला.

"… हं. आली ऐकू."

तिने पेन्सिल उचलली आणि त्रेसष्ट नंबरवर, मिशांसकट, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली.

"ठेव आता. संपादकांना लाव फोन. … नाही, नंतर नाही. आत्ता."

आणि तिने फोन ठेवून दिला.