तीन वस्तरे बदनाम

रामकिसन: …नाही, तू आयकून तर घे इमरान. हा जर्मनीवाला वस्तरा पाह्य. पोट कसं कोरलं त्याचं. नखानं टिचकी मार. वाजला का नाही? इतकं बारीक पातं आपल्याकडं कोनी काढत नाही. आता हा जपानचा. हा वाजत नाही, मुका हाय. पन लोखंड असं कडक, का दगडावर घेऊन बसा लागते.

इमरान: दीड तास लागला चाचा मले.

रामकिसन: लागनारच. अन् हा तिसरा, पंजाबातल्या पोराचा. घरच्या भट्टीत ठोकते अन् फोनवरून इकते. माह्या नातीनं, निकितानं मोबाइलवर पायला अन् आजोबासाठी मागवला. पाठ जराशी जाड ठेवली त्यानं, मूठ बी ओबडधोबड. पन माल इमानदार हाय. या तिघायमंदी पयला नंबर कोनाले देशीन तू?

इमरान: मी धार लावणारा माणूस. मी काय नंबर देऊ? रिसोडात साठ वर्सं दाढ्या तुमी केल्या.

रामकिसन: तरी सांग. तुह्या हातून गेले तिन्ही.

इमरान: जपानवाला, समजा.

रामकिसन: मंग पयल्या नंबरचा वस्तरा नानाजी मास्तरच्या गालाले काहून चावला?

इमरान: आजकालचा मालच तसा असन चाचा. डब्बा मस्त, आत काही दम नाही.

रामकिसन: हेच म्या दिवाळीपासून बोंबलून राह्यलो. सलूनमंदी बोंबललो, एसटी स्टँडवर बोंबललो, सोयाबीनच्या काट्यावर बोंबललो. जर्मनीवाले बुडाले, जपानवाले बुडाले, वस्तरा कसा घडवाचा हे जगात कोनाले येत नाही. त्या पंजाबच्या पोराले तर फोनवर इतकं झापलं, का त्यानं बिचाऱ्यानं पयला वापस घेऊन दुसरा घडवून पाठवला. म्हने, बाबूजी, मेरा नाम खराब मत करो. तो दुसरा बी तुह्या दुकानातून परत आला अन् तो बी बोथट.

इमरान: चहा सांगू का?

रामकिसन: नको. तुह्या दुकानातल्या गिलासात तर बिलकुल नको.

इमरान: काहून? गिलासाले काय झालं?

रामकिसन: सांगतो, घाई काय हाय. नवा वस्तरा आला का डब्बा न उघडता तुह्याकडं धाडाचा, ही माही सवय. तुह्या बापापासूनची. पयले जमशेदच्या दगडावर, मंग गिऱ्हाइकाच्या गालावर. पन या खेपेले पंजाबवाला दुसरा आला, तवा म्या डब्बा घरीच उघडला. हाताचा एक केस उपटला, उभा धरला अन् पात्याले टेकवला. टेकवला बरं का, ओढला नाही. केस तुटून खाली पडला. मंग तोच वस्तरा माह्या विकासच्या हातून तुह्याकडं धाडला. तीन दिवसानं परत आला. पुना केस धरला. या बारीनं केस नुसता वाकला.

इमरान: चाचा…

रामकिसन: थांब. मले आधी वाटलं, माहे डोये गेले. म्हनून पात्यावर अंगठा आडवा फिरवला. काम तर एक नंबर होतं, इमरान. दोन्ही बाजूनं सारखं, तुह्या बापानं केलं असतं तसं. अन् इतकं करून मंग कोनीतरी त्या धारीचा जीव घेतला होता. एकाच फटक्यात. काचेवर ओढल्याबिगर धार अशी मरत नाही.

इमरान: गिलासाच्या बुडावर. एकदाच ओढत होतो.

रामकिसन: सगळे?

इमरान: सगळे. दिवाळीपासून. पण आधी खरी धार लावत होतो, खुदा कसम. दगड, मंग पट्टा, सगळं. अर्धवट काम माह्या हातून होत नाही. पुरी धार लागली का गिलास पालथा घालाचा, डोळे मिटाचे अन् एकदा ओढाचं.

रामकिसन: डोये मिटून. वा रे बहाद्दर. माहा वस्तरा मारते अन् पाहाची बी हिंमत नाही. कोनं सांगतलं तुले?

इमरान: जाऊ द्या ना आता.

रामकिसन: विकासनं.

इमरान: तुमचाच पोरगा हाय तो, घाबरला. दिवाळीत भागवतभाऊची हनुवटी कापली, रक्त थांबेना, दवाखान्यात दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी विकास इथं येऊन बसला, तुमी बसले तिथंच. म्हने, बाबाचा हात थरथरते अन् ते कबूल करत नाहीत. अर्ध्या ब्लेडीचा वस्तरा देला तर फेकून देतात. तू धार मार. वस्तरा चालेनासा झाला का आपोआप सोडतीन. गिऱ्हाइकाचं बी भलं, बाबाची इज्जत बी राहीन.

रामकिसन: इज्जत.

इमरान: मले पटलं चाचा. तुमाले तोंडावर कोण म्हणन, का तुमचा हात गेला? माह्या तोंडून निघालं नसतं. मंग म्हटलं, लोखंडाची बदनामी झाली तर होऊ दे.

रामकिसन: आता माहं आयक. भागवतची हनुवटी म्या कापली. धार चोख होती, वस्तरा चांगला होता, चूक माही. म्या त्याच्या घरी गेलो अन् त्याची बायको मनकर्णाबाई, तिच्यासमोर हात जोडले. ते मले कोनी सांगाची गरज नाही पडली. पन त्याच्यानंतर तीन जनाचे गाल सोलले. नानाजी मास्तर, राजपाल अन् तो किरानावाला. ते कोनी सोलले?

इमरान: तुमचा हात…

रामकिसन: बोथट वस्तरा दाबा लागते, लेका. दाबला का घसरते, अन् घसरला का सोलते. जमशेदनं पयल्या दिवशी शिकवलं नव्हतं तुले?

इमरान: शिकवलं होतं.

रामकिसन: मंग ते तीन गाल तुहे.

इमरान: माहे. कबूल.

रामकिसन: अन् चार महिने म्या काय केलं? घडवनाऱ्यायले शिव्या देल्ल्या. मले वाटलं, दुनियेत कारागीर उरलाच नाही कोनी. तुमी दोघायनं मिळून मले वेडा केलं, अन् त्याले इज्जत म्हन्ता.

इमरान: मारा चाचा, हक्क हाय तुमाले. पण हात तर थरथरतेच ना. आता बी पाहा, मांडीवर.

रामकिसन: थरथरते. रिकामा ठेवला का थरथरते. डाक्तरनं बी पायलं, मी काही नाही म्हनत नाही. पन काम देल्लं का थांबते तो. तुमी कामच काढून घ्याले निघाले. हे फडकं सोड. ओयखते का हा?

इमरान: हा तर अब्बांनी घडवलेला वस्तरा. ट्रकच्या पाट्याचं लोखंड. मले वाटलं, हरवला तुमच्याकडून.

रामकिसन: माह्या लग्नात देला त्यानं. याची धार मीच लावतो, तुह्याकडं कधी आनला नाही, म्हनून वाचला. चाल, बस त्या खुर्चीवर.

इमरान: मी? आता?

रामकिसन: भेव लागते?

इमरान: लागते.

रामकिसन: मले बी लागते. बस. साबन आनला, ब्रश आनला, वस्तरा उकयत्या पान्यातून काढून आनला. मान मांग टाक. रविवारी केनवडले निकिताच्या लेकराचे पयले केस काढाचे हायेत. विकासचे म्या काढले, निकिताचे म्या काढले. आता विकास म्हन्ते, बाबा, तुमी नुसते पाटावर बसा. लेकराच्या टायूवर माहा हात चालन का नाही, ते मले आज तुह्या गयावर पाहाचं हाय. नसन चालत, तर चार पाव्हन्यायसमोर म्या सोता विकासच्या हातात वस्तरा देईन. पन ते मी ठरवीन. तुहा गिलास नाही ठरवनार.

इमरान: मंग गळ्यापासूनच सुरू करा.

(बराच वेळ दुकानात फक्त पात्याची खरखर. मांडीवर थरथरणारा रामकिसनचा हात इमरानच्या गळ्याला टेकताच थांबतो. तो गळ्यावरून वर जातो, हनुवटीला वळसा घालतो, कानापाशी येतो. वस्तरा पुसून खाली ठेवल्यावर हात पुन्हा थरथरू लागतो. रामकिसन तो लपवत नाही.)

इमरान: झालं?

रामकिसन: फिरव हात. पाह्य कुठं रक्त लागते का.

इमरान: नाही.

रामकिसन: जबड्याखाली बी फिरव. तिथं खड्डा हाय तुले.

इमरान: नाही चाचा, कुठंच नाही. माही पहिली दाढी अब्बांनी तुमच्याकडूनच करवली होती. आज तसंच वाटलं.

रामकिसन: मस्का नको लावू.

इमरान: विकासले मी सांगतो. आजच जाऊन सांगतो.

रामकिसन: काही नको सांगू. रविवारी त्याच्या डोयानं पाहीन तो. तू हे तिन्ही वस्तरे सुदे करून दे, बस.

इमरान: ठेवून जा. सकाळी घरपोच आणतो.

रामकिसन: ठेवून जात नसतो मी आता. इथंच बसतो. माह्या डोयासमोर लाव.

इमरान: तीन हायेत चाचा. संध्याकाळ होईन.

रामकिसन: होऊ दे. अन् तो गिलास आधी उकिरड्यावर टाकून ये.

इमरान: टाकतो. पहिले कोणता घेऊ? जर्मनीचा, का जपानचा?

रामकिसन: पंजाबच्या पोराचा घे. अन् तोवर मले त्याचा फोन लावून दे. लय वंगाळ बोललो म्या त्याले.