न पाहिलेल्या गावातली कॉफी

तारीख सतरा ऑक्टोबर दोन हजार सोळा, वार सोमवार, रक्कम बावीस युरो चाळीस सेंट, आणि हजर आम्ही दोघं, मी आणि माझी बायको वंदना, हॅनोव्हरच्या आमच्या स्वयंपाकघरात. तिसरी आमची मुलगी प्रज्ञा, ती फोनवर, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातून. त्या दिवशी मी जे बोललो ते मला परत घेता आलं नाही, म्हणून आधी तेच लिहून घ्या.

मी मूळचा नागपूरचा. बाबा कापडगिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा मी अकरावीत, त्यानंतर आई पोळ्या मोजून लाटायची, माणशी तीन, स्वतःची सगळ्यात शेवटी, आणि पीठ पुरलं तर. हे रडगाणं म्हणून सांगत नाही हो, मोजायची सवय कुठून लागली ते सांगतो. शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालो, अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या कंपनीने इकडे पाठवलं, प्रज्ञा तेव्हा तीन वर्षांची. ती इथेच वाढली, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, घराची रीतच पडली तशी.

तर प्रज्ञा मास्टर्सला कॉर्कला गेली. माझ्याच खात्यावरचं एक कार्ड तिला दिलं होतं, आणि खात्याचा उतारा, इथे त्याला कोंटोआउसत्सुग म्हणतात, तो मी रोज सकाळी बघायचो. पोरीवर पहारा ठेवायचा म्हणून नाही, खरंच नाही, पण फोनवर ती गुट म्हणायची, म्हणजे बरं चाललंय, आणि संपलं, आणि उताऱ्यात मात्र ती दिसायची. सकाळी नदीकाठच्या दुकानात कॉफी, दुपारी कॉलेजमागच्या गल्लीत चीज-टोस्ट, शुक्रवारी पुलाजवळच्या लहानशा हॉटेलात सूप आणि ब्रेड, साडेपाच युरो. मी त्या दुकानांचे मेनू कॉम्प्युटरवर काढून वाचायचो, लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचो. काय सांगू तुम्हाला, कॉर्कमध्ये चांगली कॉफी कुठे मिळते, स्वस्तात गरम खायला कुठे मिळतं, कुठे खिडकीजवळ बसू देतात, ते मी तुम्हाला आजही सांगीन, आणि त्या गावात मी एकदाही पाय ठेवलेला नाही.

आणि त्या सोमवारी मी बेरीज केली. आठवड्यात सात कॉफ्या, एकेक तीन वीसला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी त्याचे रुपये केले, अठरा वर्षं इथला पगार घेतो तरी डोक्यात रुपयेच, पंच्याहत्तरने गुणलं, सोळाशे ऐंशी. म्हटलं, प्रज्ञा, सोळाशे ऐंशी रुपयांत तुझ्या आजीने चार महिने घर चालवलंय, तू शिकायला गेलीस की हॉटेलात बसायला. ती म्हणाली पप्पा, ती फक्त कॉफी आहे, जर्मनमध्ये म्हणाली. मी म्हटलं फक्त म्हणायला कमवावं लागतं. वंदना मला हाताने खुणावतेय, पुरे करा, पुरे करा अहो. प्रज्ञा म्हणाली आलेस क्लार, म्हणजे ठीक आहे, समजलं, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी उताऱ्यात काही नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मला बरं वाटलं, लपवत नाही तुमच्यापासून, वाटलं पोरगी समजूतदार आहे, बापाचं ऐकलं. आठवडा गेला. कॉफी नाही ते ठीक, पण ब्रेड नाही, दूध नाही, बसचं तिकीट नाही. खोलीचं भाडं मी परस्पर भरायचो, तेवढीच एक ओळ. फोन केला तर उचलायची नाही, गुट म्हणून मेसेज यायचा. मग तोही बंद झाला. मी ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये बसून टेबलाखाली उतारा बघायचो, दर तासाला, कुठूनतरी तीन वीस जावेत म्हणून. दोन हजार गेले असते तरी मी हसलो असतो त्या दिवशी.

विद्यापीठाला लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की ती सज्ञान आहे, तिच्या परवानगीशिवाय माहिती देता येत नाही. गेनाऊ, म्हणजे बरोबरच, नियम आहे. वंदना जेवेनाशी झाली. ताट पुढे केलं की म्हणायची तुम्हीच मोजा आधी. एकदा म्हणाली, तुम्ही पोरीचा घास मोजलात हो.

तिचा खर्च थांबल्याचा चोविसावा दिवस गुरुवार होता. वंदना म्हणाली विमान बघा, मी बघितलं, इथून थेट नाही, फ्रँकफर्टला बदलायचं, पोचायला परवा संध्याकाळ. परवापर्यंत काय करायचं. मग माझ्या डोक्यात आलं की मला त्या गावात कोणी माणूस माहीत नाही, पण दुकानं माहीत आहेत. नदीकाठच्या दुकानात फोन लावला, तो पोरगा म्हणाला सर, गर्दी आहे, आणि ठेवला. टोस्टवाल्याला माझं इंग्रजी कळेना, भीतीने त्यात जर्मन शब्द घुसायला लागले होते. तिसरा पुलाजवळ. एक बाई बोलली, नोरा, तीच मालकीण. मी म्हटलं बारीक मुलगी, काळे केस, शुक्रवारी सूप. ती म्हणाली, अरे बाबा, शुक्रवारी इथे सगळेच सूप खातात. मी म्हटलं पिवळा रेनकोट. तेव्हा तिला आठवलं. म्हणाली ब्रेडचा कडेचा तुकडा मागून घेते तीच ना, कित्येक दिवसांत आली नाही, मला वाटलं परीक्षा असेल. मग म्हणाली, मिस्टर, तुम्ही रडताय का. पत्ता सांगा.

भाडं भरत होतो म्हणून पत्ता तोंडपाठ. तिच्या दुकानामागच्या चढावर, दोन गल्ल्या वर. ती म्हणाली चारला बंद करते, मग जाते. मी म्हटलं आत्ता जा, बाई, मी हात जोडतो. माझे हात खरंच जोडलेले होते, फोन स्पीकरवर होता.

पन्नास मिनिटं आम्ही दोघं त्या टेबलाशी बसलो, चहाही केला नाही. फोन वाजला तो नोराच्याच नंबरवरून. ती म्हणाली पोरीच्या अंगात ताप आहे, जिवंत आहे, घाबरू नका, खोलीत ओट्स आणि पाणी, दुसरं काही नाही, डॉक्टरला बोलावलंय, मी बसते आहे. आणि तिने फोन प्रज्ञाला दिला. कधी मराठीत न बोलणारी माझी पोरगी मराठीत बोलली, अडखळत. पप्पा, मी मोजून खाल्लं.

वंदनाने फोन घेतला.

ती बरी झाली. वंदना जाऊन पंधरा दिवस राहून आली, मला म्हणाली तुम्ही येऊ नका, तिनेच सांगितलंय. डिसेंबरात पोस्टाने पाकीट आलं, आत ते कार्ड, मधोमध कापलेलं, सोबत एक ओळ नाही. शिक्षण तिने दुकानात काम करून पुरं केलं, आता तिथेच नोकरीला आहे. दर रविवारी फोन करते, आईला. मी शेजारी बसतो, आवाज ऐकतो. खोकला झालाय का तिला, बारीक झाली का, ते मी आवाजावरून ओळखायला शिकलो आहे, आता उतारा नाही ना. खुशाल राहो, माझ्याशी न बोलता का होईना, पोटभर खावो.

नोराबाईंना मी तेव्हा म्हटलं होतं की पूर्ण हिवाळ्याचे पैसे एकदम पाठवतो, तिला रोज सूप द्या, माझं नाव सांगू नका. त्या म्हणाल्या, तिने आधीच बजावलंय, पप्पांकडून घ्यायचं नाही. मी म्हटलं निदान तुम्ही तिच्या खोलीवर गेलात त्या दिवसाच्या सूपचं तरी घ्या. त्या म्हणाल्या, बरं, त्या दिवसाचं. पाठवले. सूप आणि ब्रेड, साडेपाच युरो, नोराबाईंना. त्यानंतर माझ्या मुलीच्या जेवणासाठी माझ्याकडून कोणी काही घेतलेलं नाही.