घोंगडीवर ठेवलेली कार्डं

आमचं मूळ बिडकीनच्या अलीकडचं, धनगराचं घर, बाप मेंढरं राखायचा, आई लोकर कातायची, आन् मी दहावीनंतर आयटीआय केलं आन् वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला लागलो. कायम व्हायला सहा महिने होते, तवर सगळं साहेबाच्या मर्जीवर.

तिथं मला शिकवायला मधुकरदादा. बौद्ध माणूस, नामांतराच्या दंगलीत गावचं घर जळलं म्हणून शहरात आलेला. हे त्यानं मला कधी सांगितलं नाय, दुसऱ्याकडून कळलं, आन् मी दादाचं नावबी घरी काढलं नाय, कारण आमच्या घरी त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, काय लपवू तुमच्यापासून.

तवाचा कॉम्प्युटर लई नाजूक. बंद पडला की आतली सगळी कार्डं काढायची, त्यांचे सोनेरी दात खोडरबरनं पुसायचे, मग एकेक बसवत जायचं, कोणतं बसवल्यावर अडतं ते बघायचं. मला त्या कार्डांची लई माया, पत्र्याच्या टेबलावर आपटतील म्हणून मी घरची घोंगडी आणून अंथरली, आईनं कातलेल्या लोकरीची, आन् लेकरं निजवावी तशी त्यावर ठेवायचो.

थंडीचे दिवस होते. सकाळी चालणारं कार्ड पुसून परत बसवलं की स्क्रीन काळी. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. साहेब म्हणला, अजून एक गेलं तर गावाकडं जाऊन मेंढरं राख. काय सांगू तुम्हाला, जेवण गोड लागंना, जितकं जपावं तितकं मरायचं.

दादानं काय केलं, दिवसभर नुसता माझ्याजवळ बसून राहिला. मी एक कार्ड उचललं आन् बोटाला चट् झालं, तसा त्यानं माझा हात धरला. म्हणला, ही लोकर रे, थंडीच्या कोरड्या हवेत घासली की हिच्यात वीज भरती, तुला नुसता चटका बसतो, कार्ड मात्र मरतं. मी रडायच्या बेतात. त्यानं घोंगडीची हळू घडी घातली आन् साहेबापुढं जाऊन म्हणला, चूक माझी, लोकरीचं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे त्यालाबी ते त्याच घडीला कळलेलं. बोलणी त्यानं खाल्ली, कायम मी झालो.

त्या रविवारी मी आईला सगळं सांगितलं, घर जळाल्याचंबी. ती म्हणली, त्याला जेवायला घेऊन ये. दादा आला तवा बाप उठून बाहेर गेला, व्हय, गेला. आईनं आपल्या शेजारी त्याचं ताट मांडलं.

तवापासून तो तिला आई म्हणायचा. मागच्या साली ती गेली, दादा खांदा द्यायला पुढं झाला, तर भावकीतलं कोणीतरी म्हणलं, ह्यो कोण. मी म्हणलो, थोरला हाय. आन् दादानं खांदा दिला. आता दादाचे गुडघे गेलेत, मी दर रविवारी जातो, पाय चेपून देतो, तो नको नको म्हणतो. माझं आयुष्य त्याला लागो, अजून काय मागू.