आबांचा फोटो आणि अर्धी काळी काच

हसू नका, पण आमच्या घरात आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फोटोत आबाच दिसत नाहीत.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. लोणंदला फोटोचं दुकान चालवणारा माझा आतेभाऊ दत्तू आमच्याकडं माणला आला, तो मुंबईहून आणलेली एक काच घेऊनच. वरची अर्धी काळी, खालची साफ.

"ही कॅमेऱ्यापुढं लावली की आभाळ पांढरंफटक पडत न्हाई, आन् खालची मेंढरंबी काळी येत न्हाईत," म्हणाला.

माळावर मेंढरं गोळा केली, दत्तूनं काच लावली, आणि आमचे आबा चढले धोंड्यावर.

"आवं मामा, खाली उतरा. डोकं आभाळात जातंय, तोंड काळं यील."

"मेंढरांच्या बरुबरीनं हुबा ऱ्हाऊ व्हय रं? मालक हाय मी! काढ फोटू."

आई दत्तूच्या शेजारीच उभी होती, पण आबांपुढं ती कधी बोललीच नव्हती.

फोटो झकास आला. ढग न् ढग उठून दिसत होता, मेंढरांच्या कानावरच्या खुणासुद्धा दिसत होत्या. आबांचं धोतर, काठी स्वच्छ. वर मात्र पटका आणि तोंड मिळून नुसता काळा गोळा. तरी आबा खूश. "मेंढरं लय झ्याक आल्यात!"

पुढं दुष्काळात मेंढरं गेली, मागोमाग आबाही गेले. दुसरा फोटो कुणी काढलाच नव्हता, म्हणून त्यालाच हार घातला. आई त्या काळ्या गोळ्याकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली,

"आवं, उतरा की जरा खाली."