रस्त्यापलीकडचं हसू

वडगावच्या थांब्यावर टाकव्याच्या एसटीची वाट बघत माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक तळेगावची शिक्षिका, हातात मुठीएवढा कॅमेरा. दुसरी आंदर मावळातली मावशी.

“ताई, आता समदी मोबाईलवरच फोटू काडत्यात की.”

“लेक शाळेत होती तेव्हा घेतलेला हा. परवा कपाटात सापडला. चार्ज केला आणि लगेच सुरू! आता हातातून सोडवत नाही.”

“आमच्या मालकांचा निगंल का चांगला? फोटू म्हनलं की त्वांड फुगतंय त्यांचं. लेकीच्या लग्नातबी तसंच.”

“कुठे आहेत ते?”

“त्ये काय, रस्त्यापल्याड. मैतरासंगं च्या पित्यात.”

“थांबा. याचं भिंग लांबचं जवळ आणतं, त्यांना कळणारही नाही. हं, हसले!”

“बगू! अगं बया, दात दिसत्यात!”

तेवढ्यात मालक रस्ता ओलांडून आले.

“काय गं, कशापायी हसतीयास?”

“ह्यो बगा तुमचा फोटू.”

“आं? मी असा दिसतूय व्हय? ताई, हिचाबी काडा की. आत्ता लय झ्याक हसतीया.”

“नगं बाई, मला लाज वाटतीया.”

“तुमचा मगाशीच काढला, मावशी. त्यांचा बघून हसत होतात ना, ते रस्ता ओलांडत असताना, तेव्हाच.”