खळगा तेवढा भरून घ्या

— पण पट्टी कशाला लावताय म्हणते मी, पट्टी लावली की कुठलीही भिंत वाकडीच दिसणार. घरोघरी मातीच्या चुली, मिस्त्री. तुमच्या घरच्या भिंती काय दोरीत आहेत? — बघा, हसलात. आता मधे बोटं जातायत म्हणता, जातायत, मला दिसतंय की, आख्खा पंजा गेला तुमचा पट्टीमागे. वर टेकतेय, खाली टेकतेय आणि मधे सुटतेय. पण हा खळगा आहे ना? फुगवटा तर नाही? फुगवटा असता तर फोडाफोडी आली, धूळ आली, आवाज आला. खळग्याचं काय, भरला की झाला. आधी जाड हात मारून घ्या, वाळू द्या, मग त्यावर टाइल. वरून सरळ दिसल्याशी कारण. मागे काय आहे ते कोण बघायला जातंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. चहा ठेवू? — ठेवते. तुम्ही नको म्हणालात तरी ठेवते, मला लागतो.

छन्नी नको. नको म्हटलं ना. हो, कळलं, जुना गिलावा सुटलेला असेल तर वरचा माल धरत नाही, टाइल पोकळ वाजते, सगळं कळलं, पण ठोकायचं नाही. पलीकडे पोरगी झोपलीय. धाकट्या जावेची माझ्या, चिमी म्हणतो आम्ही तिला. कालपासून तापानं फणफणलीय. आणि तिची खाट ह्या भिंतीला लागूनच आहे, बरोबर इथे, तुम्ही हात ठेवलाय ना, त्याच्या मागे उशी. एकच घर हो हे. सासरे होते तोवर मधे दार होतं, मग दोघं भाऊ वेगळे झाले आणि दार बुजवलं. कशावरून काय विचारू नका, कुणाला आठवतंय आता. काही वर्षं तर अशी गेली की जिन्यात समोरासमोर आले तर एकजण आधी वर चढायचा नि दुसरा खाली भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. सख्खे भाऊ! पण पाण्यात काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही म्हणतात ना, तसं झालं. ही पोरगी झाली आणि बोलायला लागले. आधी तिच्याशी बोलायच्या निमित्तानं, मग एकमेकांशी. ती मला मोठी आई म्हणते. भिंतीवर टकटक करते संध्याकाळी, मी इकडून करते, मग ती खिदळते, मला सगळं ऐकू येतं. म्हणून तर टाइल लावायच्यात. येत्या रविवारी आमचे भाऊजी, चिमीचे बाबा, जेवायला येतायत, सगळेच येतायत, ह्या स्वयंपाकघरात, किती वर्षांनी! आणि त्यांची नजर म्हणजे — वाईट नाही हो, तीक्ष्ण. ताटाकडे बघणार नाहीत, आधी भिंत बघतील.

ही चीर ना? ही दाराची. सांगितलं ना दार बुजवलंय, नवी वीट नि जुनी वीट एकजीव होत नाही, चीर पडतेच. — दार तिकडे होतं? कडप्प्याच्या पलीकडे? बरोबर, तिकडेच होतं. तुम्ही फार चौकस आहात हं मिस्त्री. तिरपी आहे, हो. छतापासून निघालीय ती ओट्यापर्यंत आलीय. बोट घालू नका, घालू नका म्हणते ना — आतनं भुगा पडतो. रोज सकाळी ओटा पुसते मी, पीठ सांडावं तसा बारीक भुगा असतो, पुसला की गेला. आधी कॅलेंडर लावलं होतं ह्यांनी त्यावर. पण चीर कॅलेंडरच्या खालून डोकवायला लागली, आता आख्ख्या भिंतीएवढं कॅलेंडर कुठून आणायचं?

ते? ते काही नाही, ते सिमेंटचे ठिपके आहेत. काचेचे. म्हणजे काच लावली होती तिथे, आडवी, चिरेवर, दोन्ही टोकांना सिमेंट. तुम्हाला माहीत असेलच — माहितीय ना? चीर जुनी आहे की वाढतेय ते कळावं म्हणून लावतात. भिंत हलली की काच तडकते. ह्यांना कुणीतरी सांगितलं होतं, ह्यांनी लावली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तडकली. मग ह्यांनी दुसरी लावली. तीही तडकली. मग हे म्हणाले काचच फालतू आहे, खिडकीची आहे, आणि टेबलावरची जाड काच असते ना, ती कापून आणून लावली. ती नाही तडकली! आम्हाला दोघांनाही किती बरं वाटलं म्हणून सांगू, त्या रात्री पोटभर जेवलो. — नंतर ना? नंतर ती तशीच्या तशी खाली पडली ओट्यावर, सिमेंटसकट, गिलाव्याचा पापुद्रा घेऊन. फुटली नाही मात्र. अजून आहे फडताळात, दाखवू? असं काय बघताय माझ्याकडे. माणसाला वाटतं हो, जरा दणकट काच लावली तर भिंत थांबेल. तुम्हाला नसतं वाटलं?

ऐकलंत? घर्रर्र. ही करवत. खाली ह्यांचं वर्कशॉप आहे, दारं, कपाटं करतात. कप वाजतायत बघा, ती सुरू झाली की वाजतात, मी आता फळीवर कापड घातलंय. — बरोबर ह्याच्या खाली, हो. नाही, खाली ही भिंत नाही. होती. लांब फळी करवतीवर फिरवता येत नव्हती, दर वेळी भिंतीला अडायची, हे वैतागायचे. मग काढली. — अहो असं ओरडू नका! पोरगी उठेल. आधार नाही कसा? लोखंडी गर्डर टाकलाय की चांगला, ह्यांनी स्वतः पारखून आणला, जुना होता पण जुनं लोखंड चांगलं असतं म्हणतात. इंजिनिअरला कशाला विचारायचं? आणि इंजिनिअर म्हणजे भाऊजींची सही लागली असती, घर दोघांच्या नावावर, आणि तेव्हा बोलत कुठे होते एकमेकांशी! भाऊजी नि धाकटी तेव्हा तिच्या माहेरी गेले होते, बाळंतपणाला. घरात कुणी नव्हतं, ह्यांनी काम उरकून घेतलं. आले तर पोरगी घेऊनच आले, आणि आमचे हे जिन्यात उभे, अंगावर विटांची धूळ तशीच, आणि भाऊजींनी काय करावं, तर पोरगी ह्यांच्या हातात दिली. तुम्ही असतात तर तेव्हा सांगितलं असतंत का? की भाऊ, तुझ्या पोरीच्या खोलीखालची भिंत मी आत्ताच काढली? सांगितलं असतंत?

काही होत नाही हो. इतके दिवस काही झालं का? गर्डर मधे जरासा वाकलाय, आणि तिकडच्या बाजूला थोडा फिरलाय, म्हणून इकडे खळगा. इकडे खळगा म्हणजे तिकडे — हो, तिकडे पोट. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला पोटही आहे, पण ते बाई त्यांच्याकडे. म्हणजे ही पडायची झालीच ना, तर इकडे नाही पडायची. हे मी नाही म्हणत, हे म्हणतात. धीर द्यायला म्हणतात बिचारे. मी रात्री इथे एकटी भांडी आवरताना घाबरते, तर म्हणाले, तू कशाला घाबरतेस, आपल्या अंगावर नाही येणार. — मी असं म्हणाले? नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं. साखर किती घालू तुम्हाला?

आणि आधार नाही म्हणू नका. जॅक लावलाय. ट्रकखाली लावतात ना, तो, गर्डरच्या मधोमध. रोज सकाळी दुकान उघडलं की हे आधी जॅकला एक पीळ देतात, मग देवाला — मग कामाला लागतात. वर मला कळतं ते. भिंतीतून एक आवाज येतो, म्हातारं माणूस उठताना गुडघा वाजतो ना, तसा. मी म्हणते, दिला. आज नाही आला आवाज. आज विसरले वाटतं. किंवा मग पीळ संपला असेल, त्याला काहीतरी शेवट असतो ना, किती चढणार तो.

धाकटीला सांगितलं नाही असं समजू नका. मी काय राक्षसीण आहे का? हातानं वाढवलंय त्या पोरीला. मी म्हटलं तिला, अगं खाट हलव, त्या भिंतीला ओल आहे, पोरीला बाधेल. तर तिनं हात लावून बघितला, म्हणाली, कोरडी आहे की. मग म्हटलं, माझी भांडी आदळतात, तिची झोप मोडते, तिला पुढच्या खोलीत झोपव. तर तोंड एवढंसं झालं तिचं. नवऱ्याला म्हणाली, मोठ्या जाऊबाईंना आता ती खोली हवीय वाटतं. मला ऐकू आलं ते, इथून सगळं ऐकू येतं. इतक्या वर्षांचं वैर, मिस्त्री, मी पाणी दिलं तरी ती आधी कुत्र्याला पाजून बघेल, अशी गत होती. आणि आता कुठे, आता गेल्या महिन्यापासून मला ताई म्हणते. भाजी विचारायला येते. मी आता जाऊन काय सांगू? की अगं बाई, मी तुझ्याशी गोड बोलत होते तेव्हाही मला माहीत होतं?

भरा ना तेवढं. हात जोडते. रविवार होऊन जाऊ दे, दोघं भाऊ शेजारी बसून दोन घास खाऊ देत, मग मी ह्यांना सांगायला लावते. शपथ सांगते, लावते. — वजन? टाइलचं नि मालाचं वजन भिंतीवर येईल म्हणता? इतकं कितीसं येणार, मिस्त्री. आणि आलं तरी — हे काय, थापी कशाला टाकली पिशवीत? पट्टी पण? चहा तर प्या. बरं, नका पिऊ. नसेल करायचं तर तसं सांगा, माझं अडलं नाही तुमच्यावाचून, तुमच्यासारखे पन्नास मिळतात, ते इतकं विचारतही नाहीत. जा. निघा. तोंड तेवढं आवरा बाहेर — अहो कुठे? जिना डावीकडे. ते त्यांचं दार आहे. मिस्त्री, त्या दाराशी तुमचं काय काम? बेलला हात लावू नका. ऐका, मी पाया पडते तुमच्या, बेल — पोरगी आजारी आहे हो —

अगं काही नाही, तू कशाला पोरीजवळून उठून आलीस. हे माझ्याकडे आले होते, टाइलवाले. काम जमलं नाही त्यांना, म्हणून आता भिंतीलाच नावं ठेवत सुटलेत. — ऐकलं मी, काय सांगतायत ते. जॅक आहे की खाली, नाही कोण म्हणतंय, वर्कशॉपात जॅक असायचाच. परवा तुमच्याकडे आलेला रंगवाला नाही का तुला म्हणत होता, सगळा रंग काढावा लागेल म्हणून? तसंच हे. भीती घातल्याशिवाय ह्यांना मोठं काम मिळत नाही. — हो ना? तेच म्हणते मी. तू माझं ऐकतेस की ह्यांचं? बघा मिस्त्री, काय म्हणाली ती. ताई सांगतात तर तसंच असेल म्हणाली. तुम्ही बोला आता, काय बोलायचं ते बोला.

पोरगी कशी आहे गं? ताप? — उतरतोय? बरं झालं. अगं, असं कर ना, तिला जरा उचलून पुढच्या खोलीत घे. हवा खेळती आहे तिथे, बरं वाटेल. मी घेऊ का उचलून? मी घेते, ये. — आत्ताच डोळा लागलाय होय. रात्रभर नव्हती झोपली. हो, मोडेल झोप. हलवलं की रडेल.

बरं. राहू दे मग. झोपू दे तिला.

तुम्ही निघा, मिस्त्री.